कपाळावरची आठी आणि सुईतले विष

सुरकुत्या घालवण्यासाठी चेहऱ्यावर इंजेक्शन घेतले असे कोणी सांगितले, की ऐकणारा बहुधा असे धरून चालतो की सुरकुतीच्या खाली काहीतरी भरले असणार आणि त्यामुळे ती वर आली असणार. बोटॉक्सच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. बोटॉक्स काहीही भरत नाही, त्वचा ताणत नाही; खरे तर सुरकुतीशी त्याचा थेट संबंधच येत नाही. त्याचे काम चालते ते त्वचेच्या खाली, मज्जातंतू स्नायूला जिथे भिडतो त्या जागी, आणि ते काम म्हणजे स्नायूला मिळणारा आखडण्याचा हुकूम काही महिन्यांपुरता अडवून धरणे. भरण्याचे काम करणारे इंजेक्शन निराळे असते, त्याला फिलर म्हणतात. त्याच्या जागा निराळ्या, धोके निराळे आणि बिघडलेच तर करायचे उपायही निराळे. या दोहोंची गल्लत झाली की अपेक्षा चुकतात, पैसे वाया जातात, आणि क्वचित त्याहून गंभीर काही घडते.

माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, निवृत्तीनंतर हे इंजेक्शन घेतले. तरुण दिसण्याची हौस तिला नव्हती. तिची तक्रार वेगळीच होती. दोन भुवयांच्या मधोमध तिला दोन उभ्या आठ्या कायमच्या पडल्या होत्या आणि त्यामुळे ती स्वस्थ बसलेली असली तरी रागावल्यासारखी दिसे. शाळेत शिकवत होती तोवर या चेहऱ्याचा वर्गात उपयोगच झाला, परंतु नातवंडेही ‘आजी, चिडलीस का?’ असे विचारू लागली तेव्हा तिने मनावर घेतले. नाशिकमधील एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे मी तिच्याबरोबर गेले ती केवळ सोबत म्हणून. पण तिथे जे पाहिले त्याने माझे कुतूहल असे चाळवले की नंतर या विषयावर हाती लागेल ते मी वाचत गेले. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चेहऱ्याचे स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखे एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जात नाहीत. त्यांतील बहुतेकांचे एक टोक थेट त्वचेत रुजलेले असते. म्हणूनच स्नायू आखडला की वरची त्वचा त्याच्याबरोबर ओढली जाते आणि तिला घडी पडते, आणि ही घडी स्नायूच्या धाग्यांना आडवी, काटकोनात पडते. कपाळाचा रुंद स्नायू, ज्याला फ्रॉन्टॅलिस म्हणतात, त्याचे धागे उभे असतात, म्हणून कपाळावरच्या रेषा आडव्या. भुवया एकमेकींकडे ओढणारे कॉरुगेटर हे स्नायू भुवयांच्या आतल्या टोकांखाली आडवे-तिरपे पसरलेले असतात, म्हणून आठ्या उभ्या. त्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी, प्रोसेरस नावाचा एक चिमुकला उभा स्नायू असतो. तो भुवया खाली खेचतो आणि तिथे एक आडवी रेघ उमटते. डोळ्याभोवती वर्तुळाकार फिरणारा स्नायू हसताना आवळला जातो, तेव्हा डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून रेषा फाकतात. कोणाच्या चेहऱ्यावर कुठे रेषा आहेत हे पाहून त्या माणसाचे कोणते स्नायू आयुष्यभर अधिक राबले ते सांगता येते.

विशी-पंचविशीत या घड्या चेहरा सैल सोडताच मिटतात. वय वाढते तसे त्वचेतील कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे जाळे विरळ होत जाते, ऊन त्यात मोठी भर घालते, आणि मग घडी मिटण्याचे विसरते. रेशमी पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीत कपाटात राहिली तर त्या घडीवर तिचे सूत जसे विरते, आणि म्हणूनच घरातील मोठ्या बायका अधूनमधून तिची घडी बदलून ठेवतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे. हालचालीने पडणारी रेषा आणि चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी रेषा हा भेद डॉक्टर सर्वांत आधी पाहतात, कारण पहिलीवर बोटॉक्स नामी चालते आणि दुसरीवर अर्धवट. घडी घालणेच थांबले तर जुनी घडी हळूहळू उथळ होते, पण खोल रुतलेली रेघ एका इंजेक्शनाने पुसली जात नाही.

आता हुकूम अडतो तो कसा? मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूच्या टोकाशी येतो तेव्हा तिथे ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या तयार असतात. संदेश येताच या पिशव्या तंतूच्या कडेच्या पटलाशी जोडल्या जातात, फुटतात, आतले रसायन पलीकडच्या स्नायूवर सांडते आणि स्नायू आखडतो. पिशवी आणि पटल यांना एकत्र खेचून जोडण्याचे काम काही प्रथिने करतात. त्यांपैकी एकाचे नाव स्नॅप-२५. बोटॉक्समध्ये असते ते बोट्युलिनम नावाचे विष, आणि त्याच्या रेणूचे दोन भाग असतात. मोठा भाग तंतूच्या टोकाला चिकटून आत प्रवेश मिळवून देतो, आणि लहान भाग आत शिरल्यावर या स्नॅप-२५ चे शेवटचे टोक, नेमके नऊ अमिनो आम्लांइतके, कापून टाकतो. एवढे पुरते. पिशव्या भरलेल्याच राहतात, संदेशही येत राहतो, परंतु जोडणी होत नाही आणि रसायन सांडत नाही. तंतू मरत नाही, स्नायूला इजा होत नाही, आणि स्पर्शाची जाणीवही शाबूत राहते, त्यामुळे चेहरा बधिर होतो ही समजूत खोटी आहे. पेशींतील या पिशव्यांची वाहतूक कशी चालते याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या उलगड्याला या विषाच्या अभ्यासाचा हातभार लागला होता. कपाळाच्या आठ्यांचे औषध म्हणून ज्याची टिंगल होते त्याला विज्ञानात इतका मान आहे हे वाचून मला बरे वाटले.

विष हा शब्द मी वाढवून वापरलेला नाही. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे हे विष आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी आहे. जर्मनीतील वुर्टेंबर्ग भागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे दगावत होती. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने, जो कवीही होता, त्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले, स्वतःवरही प्रयोग केले, आणि ज्या रोगांत नसा अतिरेकी चाळवतात त्यांत हेच विष औषध म्हणून उपयोगी पडेल असा तर्क १८२२ च्या सुमारास मांडला. जिवाणू सापडायला आणखी सात दशके जावी लागली. बेल्जियममधील एलेझेल या गावी १८९५ मध्ये एका अंत्यविधीच्या जेवणात खारवलेले हॅम खाऊन बॅंडवादक आजारी पडले, काही मेले, आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून जिवाणू वेगळा काढला. हा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि त्याचे बीजाणू साध्या उकळण्यानेही मरत नाहीत. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची जी रीत आहे तिला बालरोगतज्ज्ञ एवढ्या कडाडून विरोध करतात तो याच जिवाणूमुळे: मधात त्याचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही, पण वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. सुरकुत्यांशी याचा संबंध नाही, परंतु घरात तान्हे बाळ असेल तर हे एक वाक्य लक्षात ठेवावे.

केर्नरचा तर्क खरा ठरवला तो सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी. तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय शोधताना त्यांनी डोळा ओढून धरणाऱ्या स्नायूत या विषाचा अत्यल्प अंश टोचून पाहिला, आधी माकडांवर आणि मग माणसांवर, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि पापण्यांची अनावर फडफड यांसाठी त्याला मान्यता दिली. आठ्यांचा शोध मात्र योगायोगाने लागला. कॅनडातील व्हॅंकुव्हर येथे नेत्रतज्ज्ञ जीन करुदर्स यांच्याकडे पापण्यांसाठी उपचार घेणाऱ्या एका रुग्ण बाईने, १९८७ मध्ये, या वेळी भुवयांच्या मध्ये का टोचले नाही अशी तक्रार केली. तिथे टोचले की चेहऱ्यावरचा त्रासिकपणा जातो हे तिच्या लक्षात आले होते. जीन यांचे पती ॲलस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून ते तपासले, १९९२ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि दहा वर्षांनी, एप्रिल २००२ मध्ये, भुवयांमधील आठ्यांसाठी औषधाला रीतसर मान्यता मिळाली. डोळ्यांच्या कडेच्या रेषांना ती २०१३ मध्ये मिळाली आणि कपाळाच्या आडव्या रेषांना २०१७ मध्ये. रोग्याची तक्रार कान देऊन ऐकण्याचे याहून किफायतशीर उदाहरण वैद्यकात क्वचितच असेल.

ताईला डॉक्टरांनी खुर्चीवर ताठ बसवले, चेहऱ्यावर प्रकाश घेतला आणि म्हणाल्या, “काकू, जरा रागवा बघू माझ्यावर.” शाळेतल्या सवयीने ताईला ते विनासायास जमले. मग भुवया वर, मग डोळे घट्ट मिटून, मग हसून, असे सगळे करवून घेत त्या बोटांनी स्नायू चाचपत होत्या आणि पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढत होत्या. एकूण पाच ठिपके पडले: एक नाकाच्या मुळाशी, आणि दोन-दोन दोन्ही भुवयांवर. नर्सने फ्रिजमधून काढलेली बाटली मी निरखून पाहिली तर ती चक्क रिकामी दिसत होती. तळाशी अगदी फिकट असा पापुद्रा होता, आणि तेच औषध. युनिट हे या औषधाच्या ताकदीचे माप; शंभर युनिटच्या बाटलीत विष असते ते जेमतेम पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे पाच अब्जांश. बाकी दिसते ते मीठ आणि त्याला धरून ठेवणारे अल्ब्युमिन. बाटलीत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सलाईन भरलेल्या सिरिंजची सुई रबरी बुचातून आत जाताच सलाईन आपोआप आत खेचले गेले. ते खेचले गेले नाही तर ती बाटली फेकून द्यायची असते, असे डॉक्टरांनी सांगितले. नंतर बाटली खळखळून न हलवता हातात अलगद फिरवली. अडीच मिलिलिटर सलाईन घातले की त्या द्रावणाच्या ०.१ मिलिलिटरमध्ये चार युनिट येतात. पाच ठिपके, प्रत्येकी चार, एकूण वीस युनिट. बर्फ लावून, केसासारख्या बारीक सुईने टोचायला लागला तो वेळ माझ्या चहाच्या कपापेक्षा कमी. प्रत्येक जागी लहानशी गांधी उठली आणि घरी पोहोचेपर्यंत बसलीही. त्या दिवशी कपाळ चोळायचे नाही, डोक्याला तेलमालिश नाही, काही तास आडवे व्हायचे नाही, एवढीच पथ्ये होती.

लगेच काहीच होत नाही, आणि अधीर माणसे इथेच गडबडतात. आधीच कापल्या गेलेल्या प्रथिनांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी जाणवू लागतो आणि पूर्ण दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्याआधी आणखी टोचून घेण्याचा आग्रह धरू नये. ताईच्या एका आठीची तर केवळ खूण उरली, दुसरी जरा खोल होती ती अर्धी राहिली. फरक तीन ते चार महिने टिकतो. या काळात तंतूच्या टोकाला नवे फाटे फुटतात, ते तात्पुरता संपर्क साधतात, आणि मूळ टोक पूर्ववत झाले की फाटे आक्रसतात. म्हणजे शरीर स्वतःच हा परिणाम मोडून काढते. चुकीच्या जागी टोचले गेले तर हीच गोष्ट दिलासा देणारी ठरते, आणि नीट जमले असेल तर खर्चात टाकणारी.

चुकीची जागा म्हणजे किती चुकीची? सेंटिमीटरभर पुरते. भुवयांजवळचे इंजेक्शन डोळ्याच्या खोबणीच्या हाडाला फार खेटून दिले आणि औषध खाली झिरपले, तर पापणी उचलणारा स्नायू सैल पडतो आणि एक डोळा काही आठवडे अर्धवट मिटलेला राहतो. म्हणून डॉक्टर हाडाच्या कडेवर अंगठा दाबून धरतात आणि तिच्या वर अंतर राखून टोचतात. कपाळाच्या बाबतीत दुसरीच गंमत आहे: भुवया वर उचलणारा स्नायू कपाळावर तो एकच, फ्रॉन्टॅलिस. तो पूर्ण झोपवला की रेषा जातात खऱ्या, पण भुवयाही खाली उतरतात आणि डोळे जड दिसू लागतात. साठीच्या पुढे अनेकांच्या पापण्यांची कातडी सैल झालेली असते, आणि ती वर धरून ठेवण्यासाठी ते नकळत कपाळ सतत ताणत असतात; त्यांच्या कपाळावरच्या रेषा त्या धडपडीच्या असतात. ताईने ‘आता आलेच आहे तर कपाळही करून टाका’ असे सुचवले तेव्हा डॉक्टरांनी तिच्या भुवया बोटाने खाली धरून तिला आरसा दाखवला, आणि तो विषय तिथेच संपला. पैसे मिळत असताना नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसतो.

फिलरचे तर्कशास्त्र याच्या उलट आहे. नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी ही मुख्यतः स्नायूमुळे पडत नाही. गालाची चरबी ओसरते, खाली सरकते, हाडही थोडे झिजते, आणि आधार गेल्याने घडी पडते. तिथे बोटॉक्स देऊन काही साधत नाही, उलट हसू वाकडे होण्याची भीती. तिथे गेलेला भरीवपणा परत आणावा लागतो. यासाठी हल्ली बहुधा हायलुरॉनिक आम्ल वापरतात, जे आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत असतेच. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम वेगळे काढले तेही बैलाच्या डोळ्यातील द्रवातून. नैसर्गिक रूपात ते त्वचेत एक-दोन दिवसांत विरघळून जाते, म्हणून त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींना सांधून त्याचा जेल बनवतात. तो पाणी धरून ठेवतो, जागा भरतो, आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो. याआधीचा इतिहास काही सुखाचा नाही. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ मध्ये पॅराफिन टोचण्याची पद्धत आणली, ती चेहऱ्यांवर वापरली गेली, आणि पुढे त्या चेहऱ्यांवर कठीण गाठी उठल्या. १९८१ मध्ये मान्यता मिळालेल्या गाईच्या कोलॅजेनसाठी आधी हातावर ॲलर्जीची चाचणी करावी लागे. हायलुरॉनिक आम्लाचा मोठा गुण असा की नको झाले तर हायलुरॉनिडेज नावाच्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, ते विरघळवता येते.

असे असूनही मला भीती वाटते ती फिलरची, ‘विष’ असलेल्या बोटॉक्सची नव्हे. जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर ती तुंबते आणि तिच्यावर पोसणारी त्वचा मरू शकते. भुवयांच्या मधल्या आणि नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. तिथे दाबाने टोचलेला जेल उलटा मागे सरकून दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद करू शकतो, आणि तासा-दीड तासात दृष्टी कायमची जाते. हे क्वचित घडते, पण घडलेले आहे. ताईच्या त्याच दोन आठ्यांवर बोटॉक्स ही रोजची, सरावाची गोष्ट आहे, आणि त्याच जागी फिलर हे चेहऱ्यावरील सर्वांत जोखमीच्या इंजेक्शनांपैकी एक आहे. टोचताना त्वचा एकाएकी पांढरीफटक पडणे, जाळीसारखे जांभळे चट्टे येणे, असह्य दुखणे किंवा नजर धूसर होणे यांपैकी काहीही झाले तर ‘उद्या बघू’ म्हणायचे नसते. म्हणून फिलर देणाऱ्याकडे हायलुरॉनिडेज हाताशी आहे का, हे आधी विचारावे. ज्याला या प्रश्नाचा राग येतो तिथून उठून यावे.

पार्लरमध्ये, मैत्रिणींच्या घरी भरणाऱ्या ‘बोटॉक्स पार्टी’त किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीतील निम्म्या भावात हे करून घेण्याबद्दल अधिक लिहावेसे वाटत नाही. फ्लोरिडात २००४ मध्ये प्रयोगशाळेसाठीचे, माणसांसाठी नसलेले विष टोचल्याने चार जणांना लकवा होऊन कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले होते, आणि २०२४ मध्येही अमेरिकेच्या अनेक राज्यांत बनावट बोटॉक्समुळे बायका आजारी पडल्या. (सौदी अरेबियात २०१८ च्या उंटांच्या सौंदर्यस्पर्धेत बोटॉक्स दिलेले बारा उंट बाद झाले होते, तिथले परीक्षक आपल्या ग्राहकांपेक्षा चोखंदळ म्हणायचे.) बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी, नाव, बॅच क्रमांक आणि मुदत वाचावी. एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढे नसते, हेही ध्यानात असू द्यावे, नाहीतर दरांची तुलना फसवी ठरते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा मज्जातंतू-स्नायूंचा विकार असणाऱ्यांनी, आणि टोचायच्या जागी संसर्ग असलेल्यांनी हे घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे, पण आपल्या मनाने बंद करू नयेत.

दोन्ही इंजेक्शने जिथे थकतात ती गोष्ट म्हणजे त्वचेचा रंग आणि पोत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन अधिक असल्याने सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात, पण वांग आणि काळे डाग लवकर येतात, आणि त्यांवर ना बोटॉक्स चालत ना फिलर. ताईच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी सर्वांत वर लिहिले होते ते सनस्क्रीन, दिवसातून पुन्हा पुन्हा लावण्याच्या सूचनेसह. ते ती भाजी आणायला जाताना हटकून विसरते. बोटॉक्सची पुढची तारीख मात्र तिने कालनिर्णयच्या चौकटीत, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी, लाल पेनाने लिहून ठेवली आहे.